स्वस्त कुरिअर कोणतं? पिंपळनेरहून पार्सल पाठवताना आधी पिनकोड बघा, मग दर

उन्हाळ्यात घरी केलेले बिबडे-पापड पुण्यात शिकणाऱ्या मुलाला पाठवायचे असतात. जून-जुलैत प्रवेशासाठी दाखले पाठवायची घाई असते. राखीपौर्णिमा आली की सुरतच्या भावाची राखी वेळेत पोचायला हवी असते. साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरमध्ये या प्रत्येक वेळी एकच प्रश्न पडतो: कुरिअर कोणतं करायचं?

बहुतेक जण काउंटरवर दोन गोष्टी विचारतात: ‘भाऊ, किती होतील?’ आणि ‘कधी पोचेल?’ उत्तर ऐकून पैसे देतात, पावती खिशात घालतात. खरं तर आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. ज्या पत्त्यावर पार्सल जाणार तिथे घरपोच सेवा आहे का? आणि हरवलं तर किती भरपाई मिळेल? कुरिअर स्वस्त आहे की महाग, हे या दोन उत्तरांवर ठरतं.

शेवटचे दहा किलोमीटर महत्त्वाचे

कंपनी कितीही मोठी असली तरी गावातलं काउंटर बहुतेक वेळा फ्रँचायझीचं असतं. तिथून पार्सल मोठ्या केंद्रावर जातं, मग दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर आणि शेवटी तिथल्या शाखेत. मोठ्या शहरांमधला प्रवास सहसा सुरळीत होतो. अडचण येते ती शाखेपासून घरापर्यंतच्या टप्प्यात.

काही पिनकोड कंपनीच्या घरपोच सेवेच्या बाहेर असतात. कुरिअरवाले त्याला ‘ओडीए’ म्हणतात. अशा पत्त्यासाठी जादा पैसे लागतात, नाहीतर ‘पार्सल आलंय, येऊन घेऊन जा’ असा फोन येतो. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातल्या पाड्यावरून कोणी पार्सल घ्यायला पिंपळनेर किंवा साक्रीला आलं, तर गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी धरून कुरिअरपेक्षा जास्त खर्च होतो.

यावर उपाय सोपा आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या वेबसाइटवर पिनकोड टाकून सेवा आहे की नाही ते पाहता येतं. मोबाइलवर दोन मिनिटांचं काम आहे. घरून निघण्याआधीच ते करावं.

पिंपळनेर, पण कोणतं?

पार्सल मागवतानाही पिनकोड तितकाच महत्त्वाचा. महाराष्ट्रात पिंपळनेर एकच नाही. संत निळोबारायांचं पिंपळनेर पारनेर तालुक्यात आहे. साखर कारखान्यामुळे माहीत असलेलं पिंपळनेर माढा तालुक्यात आहे. बीड जिल्ह्यातही पिंपळनेर आहे. पत्त्यात नुसतं ‘पिंपळनेर, महाराष्ट्र’ लिहिलं, तर पार्सल भलत्याच जिल्ह्यात जाऊ शकतं.

नावांचा हाच गोंधळ टाळण्यासाठी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्यामागे टपाल खात्यातले मराठी अधिकारी आणि संस्कृत पंडित श्रीराम भिकाजी वेलणकर होते. साक्रीच्या पिंपळनेरचा पिनकोड ४२४३०६. त्यातला पहिला ४ पश्चिम विभागाचा. त्यामुळे पत्त्यात तालुका, जिल्हा, पिनकोड आणि चालू असलेला मोबाइल नंबर, या चारही गोष्टी हव्यातच.

तीन किलोचे पैसे सात किलोचे कसे होतात?

बिबडे वजनाला हलके, पण जागा खूप खातात. कुरिअर कंपन्या डब्याचं वजन आणि आकारमान दोन्ही बघतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं, हा त्यातला नेहमीचा हिशोब.

समजा, खोका ४० बाय ३० बाय ३० सेंटिमीटरचा आहे. गुणाकार ३६,००० होतो. ५००० ने भागलं की ७.२ किलो. आत माल तीन किलोचाच असला तरी पैसे ७.२ किलोचे लागू शकतात. हा भाजक कंपनीप्रमाणे आणि सेवेप्रमाणे बदलतो, म्हणून आधी विचारून घ्यावं. खोका मालाच्या मापाचाच घ्यावा, फक्त कडेला कागद भरण्याइतकी जागा ठेवावी. सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी आणि इंधन अधिभार धरलाय का, हेही विचारावं.

पोस्ट की खासगी कुरिअर?

कागदपत्रांसाठी पोस्टाचा हिशोब सरळ आहे. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून कागदपत्रांसाठी नवे दर लागू झाले. स्थानिक हद्दीबाहेर देशात कुठेही ५० ग्रॅमपर्यंत ४७ रुपये. पिंपळनेरहून पुणे २०१ ते ५०० किलोमीटरच्या टप्प्यात येतं. तिथे २५० ग्रॅमपर्यंत ६३ रुपये आणि ५०० ग्रॅमपर्यंत ७५ रुपये, वर जीएसटी. पाच रुपये आणि त्यावरचा जीएसटी भरला की ओटीपी सांगितल्यावरच पाकीट हातात देण्याची सोय मिळते. विद्यार्थ्यांना दरात १० टक्के सवलत आहे. ती काउंटरवर मागून घ्यावी.

पोस्टाची खरी ताकद खेड्यात दिसते. देशात दीड लाखाहून जास्त पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली बहुतांश ग्रामीण भागात आहेत. पत्ता गाव-पाड्याचा असेल तर पोस्ट हाच पहिला पर्याय.

पत्ता पुणे, नाशिक, सुरत अशा शहरातला असेल, घाई असेल, घरून पिकअप हवा असेल तर खासगी कुरिअर सोयीचं पडतं. स्टँडवर घ्यायला माणूस येणार असेल तर एसटीची पार्सल सेवा किंवा ट्रॅव्हल्स परवडते. मात्र ओळखीच्या ड्रायव्हरच्या हातात दिलेल्या पिशवीला पावती नसते आणि पावती नसेल तर हरवल्यावर कुणाला जाब विचारता येत नाही.

हरवलं तर काय मिळतं?

या बाबतीत सरकारी असो की खासगी, ग्राहकाचा हात रिकामाच राहण्याची भीती असते. स्पीड पोस्ट हरवलं तर भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यातली कमी रक्कम मिळते. म्हणजे ७५ रुपयांच्या पाकिटाला साधारण दीडशे रुपये.

खासगी कुरिअरच्या पावतीमागे बारीक अक्षरात भरपाईची मर्यादा छापलेली असते. ती वाचल्याशिवाय सही करणं महागात पडू शकतं. भारती निटिंग कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सही केलेल्या पावतीवरची मर्यादा ग्राहकाला बांधील धरली. नुकसानीचा दावा कितीतरी मोठा होता, मिळाले फक्त १०० डॉलर.

म्हणून किमती वस्तूचं मूल्य पावतीवर लिहून घ्यावं आणि विम्याची सोय असेल तर विमा काढावा. मूळ दाखल्यांचं मात्र वेगळं आहे. जात वैधता प्रमाणपत्र हरवलं तर विम्याच्या पैशांनी प्रवेश मिळत नाही. ऑनलाइन प्रत चालते का, हे कॉलेजला आधी विचारावं. मूळ कागद पाठवायचाच असेल तर त्याची स्पष्ट स्कॅन प्रत घरी ठेवावी आणि ओटीपीची सोय घ्यावी.

तक्रार असेल तर आधी कंपनीला लेखी कळवावं, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. तरीही भागलं नाही तर धुळ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. तिथे पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणात फी लागत नाही.

त्या लिंकपासून सावध

‘पत्ता अपूर्ण आहे, पार्सल थांबलंय, पाच रुपये भरा’ असा मेसेज आला तर लिंक उघडू नका. कंपनीचा नंबर गुगलवर शोधण्याऐवजी पावतीवरचा वापरा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा.

काउंटरवाल्यांचंही काम आहे

सगळी सावधगिरी ग्राहकानेच बाळगायची, हे बरोबर नाही. दरपत्रक भिंतीवर लावणं, पावतीमागच्या अटी मराठीत आणि वाचता येतील अशा अक्षरात छापणं, घरपोच सेवा नसेल तर पैसे घेण्याआधी सांगणं, यात कंपनीला फारसा खर्च नाही. जो काउंटरवाला हे स्वतःहून करतो, त्याच्याकडे दहा रुपये जास्त गेले तरी चालतील. पार्सल परत आलं आणि दुसऱ्यांदा पाठवावं लागलं, तर वाचवलेल्या दहा रुपयांना काही अर्थ उरत नाही.