भादलीचा निकाल आणि वाचनाची कपाटे

जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुकमध्ये अंजली गुरू संजना जान या तृतीयपंथी उमेदवाराने ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठी भरलेला अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०२१मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला आणि त्या निवडून आल्या. यापुढे हयातभर स्त्री म्हणूनच राहीन, अशी हमी मात्र त्यांनी न्यायालयापुढे दिली. इतर उमेदवारांना असली हमी कधी द्यावी लागत नाही.

त्या हमीमागचे जगणे बातमीत मावत नाही. त्यासाठी लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ हे आत्मकथन, दिशा पिंकी शेख यांचा ‘कुरूप’ हा कवितासंग्रह किंवा बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ ही कादंबरी वाचावी लागते. अशा जगण्याला कायद्याचाही जाच होता: समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ इंग्रजांच्या १८६०च्या दंडसंहितेतले. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते २०१८मध्ये रद्द झाले.

भादली ज्या खानदेशात आहे, त्याला वसाहतीचा इतिहास नवा नाही. १८१८मध्ये हा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला, भिल्लांना काबूत आणण्यासाठी १८२५मध्ये आउट्रम या कंपनीच्या अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली आणि १८५७च्या उठावात खाज्या नाईक हा भिल्ल नेता सरकारवर उलटला. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कागदांत भिल्ल बहुधा लुटारू म्हणूनच येतात. ते कागद उलट्या बाजूनेच वाचावे लागतात. स्वातंत्र्यलढ्यातल्या राजकीय दडपशाहीचे वाचन त्यामानाने सोपे, कारण त्याला मान मिळाला आहे. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचने साने गुरुजींनी उतरवून घेतली आणि ती घरोघरी पोचली. ‘कुरूप’ला मात्र अजून तेवढी दारे उघडलेली नाहीत.