अंध क्रिकेट आणि न्यायाचा हिशेब

नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबो येथे अंध महिलांचा पहिला टी-२० विश्वचषक भारताने नेपाळचा सात गडी राखून पराभव करून जिंकला. अशा प्रसंगी 'जिद्द' आणि 'चमत्कार' हे शब्द आपल्याकडे फार स्वस्त होतात. खेळाडूंची जिद्द वादातीत आहे. परंतु ती जिद्द ज्या नियमांमुळे मैदानावर उतरू शकते, ते नियम बहुधा दुर्लक्षितच राहतात.

१९२२ साली मेलबर्नमधील अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरून हा खेळ सुरू केला. डब्याची जागा आता आत छर्रे असलेल्या कडक प्लॅस्टिकच्या चेंडूने घेतली आहे. गोलंदाज 'रेडी?' असे विचारतो, फलंदाजाचा होकार आला की 'प्ले' म्हणून खालच्या हाताने चेंडू टाकतो. तो खेळपट्टीच्या मध्यापूर्वीच टप्पा घेईल असा दंडक आहे, कारण फलंदाजाचा सारा भरवसा त्या खुळखुळण्यावर.

तथापि खरी गंमत संघाच्या रचनेत आहे. अकरांपैकी किमान चार खेळाडू पूर्ण अंध, म्हणजे बी-१ गटातील असावे लागतात. उरलेले बी-२ व बी-३ या अंशतः दृष्टी असलेल्या गटांतून येतात. ही अट नसती तर काय झाले असते? जिंकू पाहणाऱ्या कोणत्याही कर्णधाराने थोडेफार दिसणारे अकराजण निवडले असते, आणि अंधांच्या क्रिकेटमधून पूर्ण अंधच हद्दपार झाले असते.

परंतु नियमकर्ते जागा राखून थांबले नाहीत. बी-१ फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट मोजली जाते, त्याला धावण्यासाठी साथीदार मिळतो, आणि बी-१ क्षेत्ररक्षकाने एका टप्प्यानंतर घेतलेला झेलही ग्राह्य धरतात. राखीव जागेने त्याला संघात प्रवेश मिळतो. दुप्पट धावेमुळे तो कर्णधाराला हवाहवासा होतो. पहिल्या गोष्टीवाचून दुसरी शक्य नाही, आणि दुसरीवाचून पहिली नुसती नावापुरती उरते.

यावर सवलतीने दर्जा घसरतो असा आक्षेप येईल. पण नियम सामन्याआधी ठाऊक आहे व दोन्ही संघांना सारखाच लागू आहे. मग घसरण कुठली? लबाडीचा आक्षेप अधिक वजनदार आहे. दृष्टी कमी दाखविण्यात लाभ असेल, तर तो मोह कोणाला तरी होणारच, आणि वैद्यकीय तपासणीचे झेंगट अपरिहार्य ठरते. गोलबॉल या खेळात सर्वांच्याच डोळ्यांवर पट्टी बांधून मैदानावरील हा प्रश्न मिटविला आहे. मात्र तेथे ज्याला थोडे दिसते त्याची ती दृष्टी वाया जाते. क्रिकेटने ती कामी लावली आणि तिची किंमत गुणफलकावर वळती केली.

आपल्या कायद्याने मात्र हे बारकावे ओळखलेले नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी नोकऱ्यांतील किमान चार टक्के आरक्षणापैकी एक टक्का 'अंधत्व आणि अल्पदृष्टी' यांना एकत्रित दिलेला आहे. दोघे एकाच जागेसाठी उभे राहिले, तर कार्यालयाचा कल कोणाकडे झुकेल हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या पदवीची गरज नाही. त्या एका टक्क्यात पूर्ण अंधांचा वाटा किती, हे कलम सांगत नाही.