गोलकीपर, गर्दी आणि ॲम्ब्युलन्स

बोथच्या बसस्टँडवर आदिलाबादच्या गाडीची वाट बघणारी पोरं एका मोबाइलभोवती दाटीने जमली की समजावं, कसली तरी क्लिप आली आहे. अशा क्लिपांत अधूनमधून एक जुनी असते. चित्र धूसर. एक खेळाडू चेंडू घेऊन सुटतो, गोलकीपर पुढे धावतो, चेंडू जाळ्यात जातो, दोघं एकमेकांवर आदळतात आणि गोल मारणारा खाली पडतो. “मेला का रे?” एक विचारतो. “मेला ना. त्या गोलकीपरनेच मारला,” दुसरा सांगतो आणि बोटाने पुढची क्लिप लावतो.

एका माणसाचं मरण आणि दुसऱ्याचं आयुष्य, दोन्हींचा निकाल दोन वाक्यांत लागला. हे पत्रक त्या दोन वाक्यांविरुद्ध आहे.

मैदान बंगळुरूचं, कांतीरवा स्टेडियम. तारीख ५ डिसेंबर २००४. फेडरेशन कपची फायनल, एका बाजूला गोव्याचा डेम्पो, दुसऱ्या बाजूला कोलकात्याचं मोहन बागान. पडलेला खेळाडू ख्रिस्तियानो ज्युनियर, वय २५, ब्राझीलचा. आदल्याच हंगामात तो ईस्ट बंगालकडून खेळला होता आणि त्या वर्षीची राष्ट्रीय लीग ईस्ट बंगालने जिंकली होती. त्या दिवशी डेम्पो २-० ने जिंकला. दोन्ही गोल ख्रिस्तियानोचे, आणि दुसरा मारतानाच ती धडक झाली. त्याला हॉस्पिटलात नेलं, पण तो वाचला नाही. गोव्यात डेम्पोने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची बंद केली.

आता गोलकीपर. सुब्रत पाल, जन्म २४ डिसेंबर १९८६. बोटं मोजली तरी कळेल की त्या संध्याकाळी त्याला अठरा पुरी व्हायला एकोणीस दिवस बाकी होते. आपल्याकडे त्या वयाचं पोरगं इंटरच्या दुसऱ्या वर्षाला असतं आणि आई त्याला डबा भरून देते. हा पोरगा बागानच्या गोलमध्ये फायनल खेळत होता. फुटबॉल महासंघाने त्याला निलंबित केलं, आणि ती धडक वर्षानुवर्षं त्याच्या नावाला चिकटून राहिली. मैदानावर तातडीच्या उपचारांची सोय पुरेशी नव्हती, अशी टीका तेव्हाही झाली होती. पण क्लिपमध्ये गोलकीपर दिसतो, नसलेला डॉक्टर दिसत नाही. जे नव्हतं त्याचा फोटो कोण आणि कसा छापणार?

सगळी गोम इथे आहे. मैदानावर माणूस दगावला की तीन धागे एकत्र गुंततात: खेळाडूची वागणूक, गर्दीची वागणूक आणि सोय करणाऱ्यांची हयगय. पहिल्या दोन्हींना चेहरा असतो, त्यामुळे त्या खपतात. तिसरी फायलीत असते. सनसनाटीवर पोट भरणारी वर्तमानपत्रं पहिल्या दोन्हींचा बाजार मांडतात, आणि तिसरीला आयतीच पळवाट मिळते.

म्हणून खेळाडूला काही बोलूच नये, असं नाही. १९८२ च्या वर्ल्ड कप सेमीफायनलला सेव्हियात जर्मन गोलकीपर शूमाखरने फ्रान्सच्या बातिस्तोंला असं उडवलं की तो बेशुद्ध पडला, दात गेले. रेफ्रीने फाउलसुद्धा दिला नाही. दातांवर टोप्या बसवायचा खर्च मी देतो, अशा अर्थाचं काहीतरी शूमाखर सामन्यानंतर बोलला. निर्लज्जपणा होता तो, आणि पाठीराख्यांनी त्याला धारेवर धरलं ते रास्तच. पण मग एका फ्रेंच दैनिकाने वाचकांचा कौल घेतला, फ्रान्समध्ये सगळ्यांत नावडता माणूस कोण? शूमाखर पहिला आला, हिटलर दुसरा. ज्या देशावर हिटलरचं सैन्य चार वर्षं बसलं होतं तिथे हा कौल! एका माणसाच्या उद्दामपणावरून चीड येणं वेगळं आणि त्या चिडीवर अंक खपवणं वेगळं. सुब्रतची चूक तर शूमाखरच्या पासंगालाही पुरत नाही. बेभान पुढे आला, एवढंच फार तर म्हणता येईल.

गर्दीचं काय?

१६ ऑगस्ट १९८०, कोलकात्याचं ईडन गार्डन्स, ईस्ट बंगाल विरुद्ध मोहन बागान. ईस्ट बंगालच्या दिलीप पालितने बागानच्या बिदेश बोसला आडवं केलं, बोस उलट धावून गेला, रेफ्रीने दोघांनाही बाहेर काढलं. तेवढ्यावरून गॅलरी पेटली. दोन्हीकडचे पाठीराखे एकाच गॅलरीत शेजारीशेजारी बसवलेले होते. दगडफेक झाली, पळापळ झाली आणि सोळा जण मेले. पालितचा फाउल वाईट होता, यात वाद नाही. पण फाउलने सोळा माणसं मरत नाहीत. आग आणि गवत एकाच कोठीत ठेवणारा कुणीतरी असतो, आणि त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही. पालित आणि बोस मात्र सगळ्यांना आठवतात. बंगालात दर १६ ऑगस्टला त्या सोळांच्या नावाने रक्तदान होतं.

या सगळ्याचा पेपरशी असलेला हिशेब पुरता चुकता केला तो मात्र इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी. ती हकिगत बोथच्या माणसाने नीट ऐकावी अशी आहे.

१५ एप्रिल १९८९. शेफील्ड शहरातलं हिल्सबरो मैदान, एफए कपची सेमीफायनल, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. उभं राहून सामना बघायच्या जागा लोखंडी जाळ्यांनी बंद केलेल्या होत्या. त्या कप्प्यांना इंग्रजीत जो शब्द होता, त्याचा अर्थच कोंडवाडा. बाहेर गर्दी तुंबली तेव्हा बंदोबस्ताचा पोलीसप्रमुख डकनफील्डने एक मोठं गेट उघडायला सांगितलं. आत आलेले लोक बोगद्यातून सरळ मधल्या, आधीच भरलेल्या कोंडवाड्यांत गेले. त्यांना बाजूच्या रिकाम्या कप्प्यांकडे वळवायला कुणी उभं नव्हतं. माणसं जाळीला चेचली गेली. मेलेल्यांत एक दहा वर्षांचा मुलगा होता. पुढे लिव्हरपूलचा कप्तान झालेल्या स्टीवन जेरार्डचा तो नात्यातला भाऊ. स्टेडियमपर्यंत चाळीसहून जास्त ॲम्ब्युलन्स येऊन पोचल्या होत्या, पण मैदानात आत पोचल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. धडधाकट पोरांनी जाहिरातीच्या फळ्या उपटल्या आणि त्यांचं स्ट्रेचर करून जखमींना पळवत नेलं.

माणसं मरत असतानाच डकनफील्डने सांगून टाकलं की गेट पाठीराख्यांनी फोडलं. गेट त्यानेच उघडायला लावलं होतं.

चौथ्या दिवशी ‘द सन’ या खपाऊ दैनिकाने पहिल्या पानावर भलामोठा मथळा दिला, ‘सत्य’. खाली काय, तर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी मेलेल्यांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली, तोंडाने श्वास देणाऱ्या पोलिसाला मारलं. संपादक केल्विन मॅकेंझी. हे सगळं पोलिसांकडून आणि एका खासदाराकडून ऐकीव आलेलं होतं. ज्या बापाने नुकताच शवागारात पोराचा चेहरा ओळखला, त्याने सकाळी चहाबरोबर हे वाचायचं.

लिव्हरपूलजवळच्या कर्कबीत लोकांनी त्या अंकांची होळी केली. दुकानदारांनी पेपर ठेवणं बंद केलं. मर्सी नदीकाठच्या त्या मुलखात आज छत्तीस-सदतीस वर्षं झाली तरी कितीतरी दुकानांत ‘सन’ मिळत नाही. पेपर बंद करा म्हणून कुणी सरकारी फतवा काढला नव्हता. लोक फक्त विकत घेईनात.

आणि ते खोटं किती खोल मुरलेलं होतं ते बघा. ऑगस्ट १९८९ मध्येच न्यायमूर्ती टेलरच्या अहवालाने सांगितलं की मुख्य कारण पोलिसांचा सुटलेला ताबा. तरी ‘दारू प्यालेली गर्दी’ ही कथा मेली नाही. २०१२ मध्ये स्वतंत्र पॅनेलने कागद उघडले तेव्हा कळलं की १६४ पोलिसांचे जबाब बदलले होते, आणि त्यांतल्या ११६ मधून पोलिसांवर ठपका येईल असा मजकूर गाळला होता. मेलेल्यांच्या रक्तात दारू शोधली होती, लहान मुलांच्या रक्तातसुद्धा. त्या वर्षी ‘सन’ने पहिल्या पानावर माफी मागितली, घटनेनंतर तेवीस वर्षांनी. २०१६ मध्ये ज्यूरीने निकाल दिला की हिल्सबरोत मेलेल्या ९६ जणांचा बळी बेकायदेशीरपणे गेला आणि पाठीराख्यांचा काही दोष नव्हता. सत्त्याण्णवावा माणूस त्या दिवशीच्या दुखापतींमुळे २०२१ मध्ये गेला. आणि शिक्षा? डकनफील्ड २०१९ मध्ये निर्दोष सुटला. त्याच वर्षी मैदानाच्या क्लबच्या जुन्या सेक्रेटरीला साडेसहा हजार पौंड दंड झाला. संपलं.

२०१७ मध्ये लिव्हरपूल क्लबने ‘सन’च्या बातमीदारांना दार बंद केलं. दोन महिन्यांत शेजारच्या एव्हर्टननेही तेच केलं, कारण त्याच मॅकेंझीने त्यांच्या रॉस बार्कलीची तुलना गोरिलाशी केली होती. बार्कलीचे आजोबा नायजेरियाचे. म्हणजे खेळाडूची वागणूक हा विषय पुन्हा निघाला आणि पुन्हा त्याच हातून नासला. फुटबॉलपटू रहीम स्टर्लिंगने २०१८ मध्ये ‘डेली मेल’च्या दोन बातम्या शेजारीशेजारी ठेवून हेच दाखवलं. दोन्ही मँचेस्टर सिटीचे तरुण खेळाडू, दोघांनीही आईसाठी घर घेतलेलं. गोऱ्याची बातमी कौतुकाची. काळ्याची बातमी, अजून लीगमध्ये एक सामना सुरुवातीपासून खेळला नाही आणि एवढं महाग घर, अशी.

पाठीराखे धुतल्या तांदळासारखे असतात, असा दावा इथे नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाळ, प्रॅक्टिस असे संघ उतरतात तेव्हा तालमीचा अभिमान आणि पेठेची ईर्षा एकाच वेळी गॅलरीत बसलेली असते. तिथली दगडफेक, बाटल्या आणि शिव्या ही कुणा पेपरची थाप नाही. तो बट्टा पाठीराख्यांनी स्वतःच्या हाताने लावून घेतलेला आहे. त्याच गावचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, आणि चार बाटल्यांच्या बातमीपुढे हे लक्षात कितीजणांच्या आहे? उलट उदाहरणही आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात आर. जी. कर हॉस्पिटलमधल्या डॉक्टर मुलीच्या खुनानंतर पोलिसांनी बंदोबस्ताचं कारण देऊन ईस्ट बंगाल-बागान डर्बी रद्द करायला लावली, तेव्हा ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि मोहमेडनचे पाठीराखे रस्त्यावर एकत्र उभे राहिले. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी ज्यांच्यात सोळा मुडदे पडले होते, त्यांनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले. लाठ्याही एकत्रच खाल्ल्या.

पण ‘हुल्लडबाज’ हा शिक्का एकदा बसला की पुढच्या वेळी मेलेला माणूससुद्धा आधी आरोपी ठरतो. ४ जून २०२५ ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवाला जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अकरा जण गेले. कांतीरवा तिथून जवळच आहे. एवढी गर्दी करायची गरजच काय होती, असे मेसेज त्याच संध्याकाळी फिरू लागले. गर्दीला बोलावलं कुणी, गेटं किती उघडी होती, हे प्रश्न मागाहून आले.

बोथमध्ये फुटबॉल खेळतो कोण, असं कुणी विचारेल. खरं आहे, इथे मैदानावर क्रिकेट आणि कबड्डी जास्त. तरी रात्री जागून मोबाइलवर मॅच बघणारे आहेत, मेस्सीची जर्सी घालून गाडीला किक मारणारे आहेत. आणि आपण ज्या हैदराबादच्या छायेत वाढलो, तिथलेच प्रशिक्षक रहीमसाहेब. हैदराबाद पोलिसांचा संघ त्यांनी घडवला आणि १९६२ मध्ये जाकार्तात भारताला आशियाई सुवर्ण जिंकून दिलं. त्या फायनलला एक लाखाच्या आसपास गर्दी भारताविरुद्ध ओरडत होती. राग होता तो एका भारतीय पदाधिकाऱ्याच्या वक्तव्याचा, आणि शिव्या खाल्ल्या खेळाडूंनी. भारताच्या जर्नेल सिंगने डोक्याला टाके असताना गोल मारला. तेव्हा फुटबॉल आपला नाही, असं बोथने म्हणू नये.

बोथमध्ये ‘सन’ येत नाही. पण प्रत्येकाच्या खिशात एक छापखाना आहे आणि त्याचं बटण अंगठ्याखाली असतं. लिव्हरपूलच्या दुकानदाराने जे काउंटरवर केलं, तेच इथे ग्रुपवर करता येतं. मरणाची क्लिप आली की पुढे पाठवायची नाही, आणि पाठवणाऱ्याला तोंडावर विचारायचं, तुझा भाऊ असता तर पाठवली असतीस का? खुनी हा शब्द सतरा वर्षांच्या पोराला लावायचा नाही. तोच सुब्रत पाल पुढे पुणे एफसीचा गोलकीपर झाला. २०११ च्या आशियाई कपमध्ये कोरियाविरुद्ध भारत १-४ ने हरला, पण त्याने इतके गोल वाचवले की पेपरांनी त्याला स्पायडरमॅन म्हटलं. ती क्लिप बसस्टँडवर कुणी दाखवत नाही.

मार्च २०१२ मध्ये त्याच बंगळुरूत बंगलोर मार्सचा वेंकटेश मैदानात कोसळला. ख्रिस्तियानो जाऊन सात वर्षं उलटली होती. मैदानावर ॲम्ब्युलन्स नव्हती. त्याला रिक्षातून नेलं. तो वाचला नाही.

बंगळुरूची ही गत, तर बोथच्या मैदानावर छातीला चेंडू लागला किंवा कबड्डीत मान अडकली तर आदिलाबादच्या रिम्स हॉस्पिटलापर्यंत किती रस्ता आहे, हे इथल्या कुणाला सांगायला नको. १०८ ला फोन लागतो, गाडी निघते, पण ती कुठून निघते हे आधी माहीत असावं लागतं. येत्या हंगामात स्पर्धेची वर्गणी मागायला पोरं दुकानात येतील. त्यांना वर्गणी जरूर द्यावी. पावती फाडू देण्याआधी विचारावं की बक्षिसाची ढाल किती रुपयांची आहे, मैदानाच्या कडेला गाडी कोणती उभी राहणार आहे, आणि तिची चावी सामना संपेपर्यंत कुणाच्या खिशात असेल.