मित्र बदलले, धान कुणाचे गेले?

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात 'आंतरराष्ट्रीय संबंध' सुरू झाले की पहिल्याच तासाला एक वाक्य वहीत उतरवून घेतात. देशाला कायमचे मित्र नसतात, कायमचे शत्रू नसतात, कायमचे असते ते राष्ट्रहित. वाक्य मूळ इंग्लंडच्या पामरस्टनचे, १८४८ सालचे. ते खोटे नाही. पण ज्या इंग्लंडचे हित तो सांगत होता, तिथल्या बहुसंख्य कामगारांना तेव्हा मताचा हक्कच नव्हता. ही ओळ वहीत नसते.

आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहेत. 'राष्ट्र' हा शब्द आला की त्यात आपणही मोजलेले आहोत असे आपण धरून चालतो. ते तपासून पाहायला तंजावरच्या मराठ्यांचे उदाहरण फार उपयोगी आहे. ते आपल्या भाषेतले आहे आणि त्याचा अभिमान बाळगायला आपल्याला शाळेपासून शिकवले आहे.

कुंभकोणमच्या पश्चिमेला, स्वामीमलैजवळ, तिरुवलंचुळी नावाचे गाव आहे. पांढऱ्या गणपतीसाठी प्रसिद्ध. 'वलम्' म्हणजे उजवीकडे, 'चुळी' म्हणजे भोवरा. स्थळपुराण असे, की कावेरी इथल्या एका विवरात गडप झाली. राजाने किंवा ऋषीने स्वतःला त्यात झोकून दिले तरच ती परत येईल, अशी आकाशवाणी झाली. एका ऋषीने उडी घेतली आणि नदी वर आली. पुराणात निदान राजाचे नाव उमेदवारांच्या यादीत तरी होते. इतिहासात या खोऱ्यातल्या प्रत्येक विवरात कोण गेले, ते पाहू.

इथे भातशेती. जमीन मिरासदारांची, म्हणजे मुख्यतः ब्राह्मण आणि वेळ्ळाळांची. चिखलात राबणारे पळ्ळर आणि परैयर. कंपनीच्या काळापर्यंत ते कायद्याने गुलाम होते, जमिनीबरोबर विकले जात. पुढे त्यांना 'पण्णैयाळ' म्हणत. आपल्याकडचा सालगडी समजा, पण त्याहून घट्ट जखडलेला. ही माणसे डोळ्यांसमोर ठेवूनच पुढच्या तहांकडे पाहायला हवे.

व्यंकोजी ऊर्फ एकोजी भोसले तंजावरला आले ते विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून, आणि तेही नायक घराण्याच्या वारसाला गादी मिळवून देण्यासाठी. गादी मिळाली, आणि १६७५ च्या सुमारास ती एकोजींनी स्वतःकडेच घेतली. १६७७ मध्ये गोवळकोंड्याच्या कुतुबशहाशी मैत्री करून शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले आणि वडिलांच्या दौलतीतला वाटा सावत्र भावाकडे मागितला. बोलणी फिसकटली, लढाई झाली, मग समेट. धर्माच्या चष्म्यातून हा नकाशा वाचणाऱ्याची पंचाईत होते. एक भोसले आदिलशहाचा, दुसऱ्याच्या पाठीशी कुतुबशहा.

पुढचे शतक तर याहून मासलेवाईक. गादी गेलेल्या शहाजीने १७४९ मध्ये इंग्रजांची मदत मागितली, मोबदल्यात देवीकोट्टै द्यायचे ठरले. इंग्रजांनी देवीकोट्टै घेतले. आणि मग ज्याच्या विरुद्ध लढायला आले होते त्या प्रतापसिंहाशीच तह करून टाकला, शहाजीला पेन्शन लावून बाजूला बसवले. त्याआधी याच शहाजीने फ्रेंचांना कारैकल कबूल केले होते. किनाऱ्यावर नागपट्टिणमला डच, तरंगमबाडीला डेन. तंजावरच्या दरबाराला मित्रांची वाण कधीच पडली नाही.

पण मैत्रीचे पैसे पडतात. कंपनीच्या मध्यस्थीने १७६२ मध्ये तह झाला. तंजावरने अर्काटच्या नवाबाला दरसाल चार लाख रुपये द्यायचे, शिवाय मागची थकबाकी म्हणून २२ लाख. हप्ते तुंबले. १७७१ मध्ये नवाबाच्या बाजूने कंपनीची फौज तंजावरवर आली, १७७३ मध्ये पुन्हा आली आणि तुळजाजी राजे कैद झाले. तहाचा जामीनदारच वसुलीला आला होता. लंडनहून हुकूम आला, तेव्हा १७७६ मध्ये त्याच कंपनीने राजांना परत गादीवर बसवले. बसवणारा गव्हर्नर पिगट. त्याला काही महिन्यांत त्याच्याच मद्रास कौन्सिलने अटक केली आणि तो कैदेतच मेला. कारणांत एक नाव ठळक आहे, पॉल बेनफिल्ड. नवाबाला कर्ज देणारा हा कंपनीचा नोकर. तंजावरचा महसूल आणि शेतात उभे असलेले पीक आपल्याकडे गहाण आहे, असा त्याचा दावा होता.

इथे जरा थांबू या. उभे पीक म्हणजे कुणाचे तरी गुडघाभर पाण्यातले महिने. ते पेरणाऱ्याला ठाऊकही नव्हते की कापणीआधीच एका गोऱ्या सावकाराच्या वहीत ते जमा झाले आहे. यावरून ब्रिटिश संसदेत वाद झाला, एडमंड बर्कचे १७८५ चे भाषण गाजले. पळ्ळर-परैयरांचे मत मात्र तिथेही कुणी विचारले नाही.

आणि १७८१ मध्ये हैदरअली आला. तंजावर इंग्रजांच्या बाजूला, म्हणून ते त्याचे शत्रू. गावे जाळली, गुरे हाकून नेली, माणसे पकडून नेली, पाटबंधारे मोडले. पाठोपाठ दुष्काळ. ज्याला कोट होता तो कोटात बसला. चेरीत राहणाऱ्याला कसला कोट? शेवटी १७९९ च्या तहाने सरफोजी राजांनी कारभार कंपनीला दिला आणि किल्ला, वर्षाला एक लाख पॅगोडा व महसुलाचा पाचवा हिस्सा आपल्याकडे ठेवला. त्यांनी १८०३ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर मराठीत प्रचंड शिलालेख कोरवून घेतला. आपण तो कौतुकाने दाखवतो, आणि भाषेसाठी दाखवावाच. पण तो भोसले घराण्याचा इतिहास आहे, धान पिकवणाऱ्यांचा नाही.

कुणी म्हणेल, ती राजेशाही होती, आता लोकशाही आहे. ठीक. बाबासाहेबांचे १० ऑक्टोबर १९५१ चे राजीनाम्याचे निवेदन काढा. हिंदू कोड बिलाचा भाग आपल्याला माहीत असतो. त्याच निवेदनात ते सांगतात की मंत्रिमंडळाच्या परराष्ट्र आणि संरक्षण समित्यांवर त्यांना घेतलेच नाही. आपल्या परराष्ट्र धोरणाने मित्र उरले नाहीत, आणि साडेतीनशे कोटींच्या महसुलातले सुमारे १८० कोटी फौजेवर जातात, असा हिशेबही मांडतात. अस्पृश्यांची उपेक्षा आणि परराष्ट्र धोरण हे दोन्ही एकाच निवेदनात आहेत. आपण मात्र पहिला विषय आपला आणि दुसरा 'त्यांचा' अशी वाटणी करून घेतली आहे.

या वाटणीचा परिणाम १९६४ मध्ये दिसला. ब्रिटिश काळात तंजावर, तिरुचिरापल्ली, मदुरै, सेलम भागांतून लाखो मजूर सिलोनच्या मळ्यांवर गेले होते. त्यांत पळ्ळर, परैयर, चक्किलियर मोठ्या संख्येने. सिलोनने १९४८ च्या कायद्याने त्यांचे नागरिकत्व नाकारले. ही सिलोनची जबाबदारी, असे नेहरू म्हणत राहिले. मग १९६२ चे चीन युद्ध झाले, शेजारी मित्रांची गरज भासू लागली. ३० ऑक्टोबर १९६४ ला शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांनी करार केला. ५ लाख २५ हजार भारताचे, ३ लाख सिलोनचे, उरलेल्या दीड लाखांचे नंतर पाहू. नंतर म्हणजे १९७४ मध्ये इंदिरा गांधींनी ते निम्मे-निम्मे वाटून घेतले. मळा मजुरांचे पुढारी तोंडमान यांनी कराराला विरोध केला, पण आकडे आधीच ठरले होते. परतलेल्यांपैकी अनेक कुटुंबांना निलगिरीत चहाच्या मळ्यावरच काम मिळाले. समुद्र ओलांडला, टोपली तीच.

पुढे यादवी युद्धाने आणखी माणसे या किनाऱ्यावर आली, त्यांत मळ्यांवरची कुटुंबेही होती. तमिळनाडूच्या छावण्यांत त्यांची पुढची पिढी वाढली, काही मुले पदवीपर्यंत शिकली. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तान अशी तीन देशांची नावे आहेत. श्रीलंका त्यात नाही.