वास्तव्याची दोरी मालकाच्या हाती

परदेशी नोकरीचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न पगाराचा विचारला जातो आणि बहुधा तोच शेवटचाही असतो. डॉलरला रुपये किती, रियालला किती, एवढा गुणाकार झाला की बैठक संपते. परक्या देशात राहण्याची परवानगी कोणाच्या सहीवर अवलंबून आहे, नोकरी सुटल्यास तेथे किती दिवस थांबता येईल, मालक बदलता येईल काय, हे प्रश्न जठारपेठेतील सुशिक्षित घरांतही क्वचितच विचारले जातात. वस्तुतः नोकरीचे खरे मोल या उत्तरांवरच ठरते.

वेतन ठरते ते सौदाशक्तीने, आणि सौदाशक्तीचा पाया म्हणजे काम सोडून जाण्याची मोकळीक. वऱ्हाडात हे समजावून सांगण्यास ग्रंथांची गरज नाही. गुढीपाडव्याला साल ठरते, उचल घेतली जाते आणि पुढला पाडवा येईपर्यंत मालक कसाही निघाला तरी सालदाराला दिवस काढावे लागतात. पण पाडव्याला त्याला दुसरे घर धरता येते. मालक सुटला म्हणून गाव सुटत नाही. ज्याचे वास्तव्यच मालकाच्या नावाशी जखडलेले आहे, तो परदेशस्थ नोकरदार या एका बाबतीत सालदाराहूनही दुबळा ठरतो.

आखाती देशांतील 'कफाला' पद्धती हे याचे उघडे रूप. तेथे मजुराचा राहण्याचा परवाना 'कफील' म्हणजे पुरस्कर्त्या मालकाच्या नावाशी बांधलेला असतो. परवानगीवाचून काम सोडले तर मालकाने 'फरार' म्हणून तक्रार करावी आणि कष्टकरी माणूस एका दिवसात गुन्हेगार व्हावा, अशी ही रचना. कतारने २०१८ मध्ये बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढली आणि २०२० मध्ये नोकरी बदलण्यासाठी जुन्या मालकाच्या ना-हरकतीची अट रद्द केली. सौदी अरेबियानेही २०२१ मध्ये काही बंधने सैल केली; परंतु त्या सुधारणेतून घरकामगार व शेतमजूर वगळले गेले, म्हणजे ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती तेच. जून २०२४ मध्ये कुवेतमधील मंगफ येथे कामगारांच्या निवासी इमारतीला आग लागून चाळीसहून अधिक भारतीय मृत्युमुखी पडले. नोकरी, परवाना आणि निवारा ही तिन्ही एकाच हाती असली की दाटीवाटीच्या खोलीविरुद्ध तोंड उघडणे किती अवघड होते, हे वेगळे सांगावयास नको.

अमेरिकेत गेलेल्या अभियंत्याला या मजुराशी आपली तुलना रुचणार नाही. अर्थात दोघांच्या राहणीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. 'एच-१बी' व्हिसाधारकाला मालक बदलता येतो, मात्र नव्या मालकाने त्याच्यासाठी अर्ज केला तर. नोकरी गेली तर त्याला जास्तीत जास्त साठ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात दुसरी सोय न झाल्यास भाड्याचे घर, मुलांची शाळा, कर्जावरची मोटार, सारे आवरून निघावे लागते. कायम वास्तव्याची नोकरीवर आधारित 'ग्रीन कार्डे' वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार; त्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून अधिक नाही. सबब भारतीयांची रांग दशकांची झाली आहे. आईबापांचा क्रमांक येण्यापूर्वी मुले एकवीस वर्षांची होतात आणि रांगेतून बाहेर पडतात. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा आकार बसविण्याचा हुकूम निघाला, तेव्हा येथल्या कित्येक घरांची झोप उडाली.

या प्रश्नाचे मर्म आपल्याच एका अर्थशास्त्र शिकविणाऱ्या प्राध्यापकाने शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. नाताळ वसाहतीने १८९५ च्या कायद्यान्वये अशी तजवीज केली की, करार संपलेल्या हिंदी मजुराने एकतर पुन्हा करारात बांधून घ्यावे, नाहीतर मायदेशी परतावे. मोकळा माणूस म्हणून राहावयाचे तर दरसाल तीन पौंडांचा कर भरावा. ही रक्कम मजुराच्या कित्येक महिन्यांच्या मिळकतीएवढी होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये केंद्रीय कायदे कौन्सिलात नाताळसाठी मजूरभरती बंद करण्याचा ठराव आणला व तो मान्य झाला. १९१२ मध्ये ही पद्धतीच सर्वत्र बंद करण्याचा त्यांचा ठराव मात्र फेटाळला गेला. त्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि बोथा व स्मट्स यांच्यापुढे त्यांनी तीन पौंडांच्या कराचा प्रश्न मांडला. कर १९१४ मध्ये रद्द झाला. गोखल्यांनी तेथल्या मजुरीचा दर वाढवून मागितला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांनी हात घातला तो राहण्याच्या अटीला.

आपल्या देशात कोणाला येऊ द्यावे हा त्या त्या राष्ट्राचा अधिकार आहे, आणि परक्यांमुळे आपले वेतन घसरेल ही स्थानिक कामगाराची भीतीही केवळ द्वेषातून येत नाही. परंतु वेतन घसरते ते परका स्वस्त असतो म्हणून, आणि तो स्वस्त असतो तो बांधलेला असतो म्हणून. मोकळ्या परक्याला कमी पगारावर डांबून ठेवता येत नाही. तेव्हा ही मोकळीक स्थानिक कामगाराच्याही हिताचीच आहे.

हे अव्यवहार्य आहे असेही नाही. भारत-नेपाळ यांच्या १९५० च्या तहातील सातव्या कलमाने एकमेकांच्या नागरिकांना राहण्याची व व्यापार-व्यवहाराची मुभा परस्परांनी दिली आहे. आपल्या गल्लीत रात्री शिट्टी वाजवीत फिरणारा गुरखा गरीब असेल. पण एका घराने काम बंद केले म्हणून त्याला सरहद्दीपलीकडे कोणी धाडत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये देशात परदेशातून आलेल्या पैशांपैकी सुमारे एक पंचमांश महाराष्ट्रात आले. केरळपेक्षाही हा वाटा किंचित अधिक. एवढा पैसा घेणाऱ्या राज्याने तो पाठविणाऱ्यांच्या हक्कांविषयी मौन बाळगावे हे विचित्र होय. केंद्राचेही तसेच. स्थलांतरित कामगारांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा १९९० चा करार २००३ पासून अंमलात आहे. तो अमेरिकेने, जर्मनीने वा आखाती राष्ट्रांनी मान्य केलेला नाही, याचा विषाद वाटणे योग्यच, पण भारतानेही त्याला मान्यता दिलेली नाही. जे आपण स्वतः स्वीकारले नाही ते दुसऱ्याकडे कोणत्या तोंडाने मागणार?

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला आणि पहिल्या टप्प्यात दहा हजारांचा आकडा जाहीर झाला. जर्मनीची वाट तुलनेने बरी आहे. भाषा व निवृत्तिवेतन निधीची अट पुरी करणाऱ्या कुशल कामगाराला तीन वर्षांनी कायम वास्तव्याची मागणी करता येते. तथापि तोवरच्या काळात नोकरी गेली वा मालक वाईट निघाला तर त्या मुलाने कोणाकडे जावे, नवा मालक शोधण्यास त्याला किती अवधी मिळेल, पत्नीला काम करता येईल काय, हे मराठीत छापून प्रत्येक उमेदवाराच्या हाती सहीपूर्वी दिले पाहिजे. जर्मन भाषेचे वर्ग भरविताना एक तास या कागदासाठी राखून ठेवणे शासनाला जड जाऊ नये.