पाण्याची खूण सर्वांस दिसावी

इजिप्तचा शेतकरी नाईलच्या पुरावर जगे. पूर उणा पडला तर दुष्काळ. फार आला तर बांध फुटून गांवें बुडत. म्हणून अस्वानजवळच्या एलिफंटाईन बेटावर नदींत उतरणाऱ्या दगडी जिन्याच्या भिंतींवर हातांच्या मापाच्या खुणा कोरल्या होत्या. पुढें सन ८६१ मध्यें कैरोच्या रोडा बेटावर खोल विहिरींत अष्टकोनी स्तंभ उभारला गेला. पाणी सोळा हातांस पोहोंचलें कीं सुकाळ समजत, आणि त्याच अजमासावर सारा बसे.

हें शहाणपण खरें. परंतु बोध घ्यावा असा प्रकार पुढेंच घडला. पाणी सोळा हात होईपर्यंत त्याचें माप लोकांत पुकारूं नये, असें दहाव्या शतकांत फातिमी खलिफा अल-मुइझ यानें फर्माविलें. कारण, पाणी कमी असल्याचें ऐकतांच लोक धान्य दडवीत व भाव कडाडत. भीति खोटी नव्हती. परंतु माप झांकल्यानें लोभ झांकला जात नाहीं. ज्याच्या कानीं तें गुपचूप पडेल त्याचींच कोठारें आधीं भरतात. आमच्या व्यापारी वाचकांस हें फोड करून सांगणें नलगे.

उलट आपल्या नाशिकास पाहा. रामकुंडाजवळ गोदेच्या पात्रांतील दुतोंड्या मारुति हा लोकांचा पूरमापकच होय. पाणी कमरेस लागलें कीं गळ्याशीं भिडलें, हें पोर देखील सांगतें. तेथें ना अधिकाऱ्याचा शिक्का लागतो, ना कोणाची परवानगी.

सटाण्यानें हा धडा घ्यावा. बागलाणांत बंधाऱ्याचें पाणी फडपद्धतीनें वांटून घेण्याची रीत जुनी आहे. ज्या देवमामलेदार यशवंतराव महाराजांनीं १८७०-७१ च्या दुष्काळांत सरकारी खजिना भुकेल्यांसाठीं उघडला, त्यांचें मंदिर आरमच्याच कांठीं आहे. जेथें खजिना खुला झाला, तेथें पाण्याचा आंकडा खुला करण्यास काय कठीण?

अस्वानचें मोठें धरण १९७० मध्यें पुरें झालें, नाईलचा वार्षिक पूर थांबला व रोड्याचा स्तंभ केवळ प्रेक्षणीय वस्तु होऊन राहिला. आरमवर केळझर धरण आहे म्हणून येथें मात्र खुणेची गरज सरत नाहीं. धरण भरून सांडूं लागलें म्हणजे पाणी खालच्या वस्तीकडेच येतें.

आमची सूचना एवढीच, कीं आरमच्या पुलावर व घाटावर ठळक खुणा कोराव्या. असतील त्या उजळाव्या. पावसाळ्यांत त्यांवरील आंकडा व धरणाचा सांठा नगरपरिषदेनें रोज भर बाजारांत फळ्यावर लिहावा. मग बाजारभाव, आणेवारी व मदत यांविषयीं शेतकरी आणि अधिकारी एकाच आंकड्यावरून बोलूं शकतील. नदी सर्वांची आहे. तिचें माप कोणा एकाच्या दप्तरांत बांधलेलें राहूं नये.