१,४२,८५७ : मोठ्या संख्येशी खेळू द्या मुलांना!



पाचवीला सहा अंकी संख्या आल्या की आपण काय करतो? वाचन, अक्षरी लेखन, स्थानिक किंमत, चढता-उतरता क्रम. झालं, पाठ संपला. मीही अनेक वर्षं हेच केलं. पण माझं स्पष्ट मत आहे, की एवढ्यावर थांबलो तर मुलांना मोठी संख्या म्हणजे नुसती लांबलचक ओळ वाटते.

गेल्या वर्षी मी फळ्यावर १,४२,८५७ लिहिली आणि म्हटलं, हिला २ ते ६ ने गुणा.

× २ = २,८५,७१४
× ३ = ४,२८,५७१
× ४ = ५,७१,४२८
× ५ = ७,१४,२८५
× ६ = ८,५७,१४२

प्रत्येक वेळी तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात वेगळी. जणू गोल रिंगण धरून उभी असलेली मुलं! एका मुलाचं ४ ने गुणून ५,६१,४२८ आलं. नेहमी गणिताची वही लपवणारा मुलगा तो. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "बाई, यात सहा आलाय. सहा तर त्या संख्येत नाहीच. माझा हातचा राहिला." लाल पेन न लावता मुलाला स्वतःची चूक सापडली. मला यापेक्षा मोठं मूल्यमापन माहीत नाही.

मग प्रश्न आला, "सातने गुणलं तर?" उत्तर ९,९९,९९९! वर्गात एकच गलका.

यामागचं कारण अवघड नाही. १ ला ७ ने भागत जा. बाकी क्रमाने ३, २, ६, ४, ५, १ येते. १ आली की भागाकार पुन्हा पहिल्यापासून, म्हणून ०.१४२८५७१४२८५७... सातपेक्षा लहान सगळ्या बाक्या या एकाच फेरीत येतात. त्यामुळे २ किंवा ३ ला ७ ने भागलं तरी तीच फेरी, फक्त दुसऱ्या ठिकाणाहून सुरू.

या संख्येचा वर्ग २०,४०,८१,२२,४४९. त्याचे दोन भाग करा : २०४०८ आणि १२२४४९. बेरीज? पुन्हा १,४२,८५७! अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. द. रा. कापरेकर नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवायचे. म्हणजे आपल्यासारखेच शिक्षक. संख्यांशी खेळता खेळताच त्यांचं नाव जगभर गेलं.

काही पालक विचारतात, "हे परीक्षेत येणार का?" कदाचित नाही. पण गुणाकाराचा सराव आपण करून घेतोच ना? कोणत्याही पाच संख्या देण्याऐवजी ही एक द्या. वेळ तेवढाच लागतो, पण मूल उत्तराकडे दोनदा बघायला शिकतं.

आज घरी एवढंच करा. मुलाला ८ ने गुणायला सांगा. उत्तर ११,४२,८५६ येईल. तो पहिला १ खोडून शेवटच्या अंकात मिळवायला सांगा, आणि मुलाचा चेहरा बघा.